खऱ्या मापाचा पलंग

माझी पहिली नोकरी मला उंचीमुळे मिळाली. तीही पोलिसात किंवा फौजेत नव्हे, आर्किटेक्टच्या ऑफिसात. हे मी कुठल्याही बायोडेटात लिहिलेलं नाही, पण खरं तेच आहे. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि त्यांच्याकडून आमच्या घराण्यात जी काही इस्टेट आली ती म्हणजे एवढी उंचीच. बाकीचं सगळं मधल्या पिढ्यांनी व्यवस्थित संपवलं.

मुलाखतीला मी माझा कॉलेजचा प्रकल्प घेऊन गेलो होतो. नदीकाठचं संग्रहालय, शंखासारखं गोल गोल वर जाणारं, ज्यात ठेवायला काही नव्हतं. सरांनी पहिलं पान उघडलं, मिटलं आणि विचारलं, "उंची किती तुझी?"

मी म्हणालो, पाच अकरा. ते उठले, टेप काढली, मला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि मोजलं.

"पाच साडेदहा. इथे खोटं माप चालणार नाही. सोमवारी ये."

ऑफिस बडोद्याच्या दांडिया बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होतं. दिवसभर खालून पातेली आपटल्याचे आवाज यायचे आणि वर आम्ही गोरगरिबांच्या घरांचा प्रश्न सोडवायचो. सरांचं पोट भरायचं ते जुन्या पोळांमधले, म्हणजे गल्लीबोळांतल्या घरांचे, जिने दुरुस्त करून आणि सोसायट्यांच्या टाक्यांची गळती थांबवून. त्यांचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला होता. देशात कुठेही ‘परवडणारी शहरी घरे’ या विषयावर डिझाइनची स्पर्धा जाहीर झाली की सर त्यात भाग घ्यायचे. आणि हरायचे. हे मी गेलो त्याच्याही तीसेक वर्षं आधीपासून चालू होतं.

हरलेल्या स्पर्धांचे मोठमोठे बोर्ड परत मिळायचे, तेही आणायला पाठवणाऱ्यानेच जायचं असतं. सर ते टाकून देत नसत. ऑफिसातलं पार्टिशन चार स्पर्धांचं होतं. चहाचं टेबल म्हणजे एका स्पर्धेतलं उत्तेजनार्थ पारितोषिक, सरांच्या कारकिर्दीतलं एकमेव. त्यावर कप ठेवला की तो नेमका ‘सामाजिक अंगण’ या शब्दांवर बसायचा. उरलेले बोर्ड काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, घरी घेऊन जात आणि गच्चीत त्यांवर पापड वाळत घालत. त्या बोर्डांचा समाजाला झालेला तेवढाच प्रत्यक्ष उपयोग, असं त्या सांगत.

सर का हरतात हे समजायला मला आठवडाही लागला नाही. या स्पर्धा जिंकायच्या कशा हे कॉलेजात आम्हाला नीट शिकवलेलं होतं. चित्रात आकाश संध्याकाळचं हवं. गॅलरीतून वेली लोंबत असाव्यात. अंगणात फुगा धरलेली लहान मुलगी, सायकलवरचा परदेशी तरुण आणि एक सोनेरी केसांचा कुत्रा असावा. तीनशे चौरस फुटांत पाच माणसं राहणार असली तरी चित्रात एकच बाई असावी आणि तिने खिडकीपाशी बसून पुस्तक वाचावं. सोबतच्या टिपणात ‘संवाद’, ‘अवकाश’ आणि ‘पक्षी’ हे शब्द यावेत. सरांच्या चित्रात बादल्या असायच्या. पाण्याचे पिंप, गॅसची टाकी, गाद्यांची वळकटी, सासूची खाट. टिपण लिहायला दोन पानं दिलेली असायची आणि सर लिहायचे: ‘या घरात पाच माणसे झोपतात. कशी, ते आराखड्यात दाखवले आहे.’ खाली सही करायचे आणि मी ती खोडायचो, कारण स्पर्धेत नाव कळू द्यायचं नसतं.

पण सरांचं मुख्य वेड होतं पलंगाचं.

हा आमच्या धंद्यातला एक प्रकार आहे, जो बाहेर फारसा कोणी सांगत नाही. आराखड्यातली खोली लहान वाटायला लागली की खोली मोठी करायची नसते, पलंग लहान करायचा असतो. सहा-सव्वासहा फुटांचा पलंग साडेपाच फुटांचा काढला की खोली कशी ऐसपैस दिसू लागते. कपाट थोडं बारीक करायचं, टेबल थोडं आवळायचं. भिंतींना हातही लावायचा नाही. बघणारा खोली बघतो, पलंग कोण मोजतो?

सर मोजायचे. दुसरे लोक खिशाला पेन लावतात तिथे त्यांची तिकोनी मोजपट्टी असायची. स्पर्धेनंतर सगळ्या प्रवेशिकांचं प्रदर्शन लागायचं, तिथे ते वेळेआधी जाऊन उभे राहायचे आणि प्रत्येक बोर्डासमोर पट्टी लावायचे. वेली, पक्षी, संवाद यांच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. "पलंग पाच फूट दोन," ते शांतपणे, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणायचे आणि पुढच्या बोर्डाकडे वळायचे. एकदा अशाच एका पहिल्या पारितोषिकाच्या बोर्डासमोर, विजेता हार घालून उभा असताना, सरांनी पट्टी लावली आणि त्यालाच सांगितलं, "साहेब, या घरात मुलगी द्यायची तर नवरा पाच फुटांच्या आतला बघावा लागेल." लोक हसले. विजेताही हसला, पण तो फोटोपुरता. पुढे हा माणूस फार मोठा झाला. वेली त्याला चांगल्या लाभल्या.

माझ्या उंचीचा उपयोग मला नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात कळला. वाघोडिया रोडला एका बिल्डरने नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवला होता. सर तिथे गिऱ्हाईक बनून गेले, मला भाचा म्हणून नेलं. दाखवणारी मुलगी भारी गोड बोलत होती, मास्टर बेडरूम म्हणत होती. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "झोप."

मी आधी तिच्याकडे बघितलं, मग सरांकडे. ते गंभीर होते. मी बूट काढले आणि त्या रेशमी चादरीवर आडवा झालो. माझ्या पोटऱ्या बाहेर. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये फर्निचर खास लहान करवून घेतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. सर मुलीला म्हणाले, "बेन, पलंगना पैसा अडधा लेशो ने?" अर्ध्या पलंगाचे अर्धेच पैसे, हा हिशोब तिला पटला नाही. तिने वॉचमनला बोलावलं. आम्हाला फ्लॅटबाहेर काढलं तेव्हा माझा एक बूट आतच होता. तो सरांनी परत जाऊन, भांडून आणला.

अशा रीतीने मी आर्किटेक्ट म्हणून नाही तर मोजपट्टी म्हणून नोकरीला होतो. घरी आई विचारायची, काय शिकलास? मी सांगायचो, झोपायला.

रविवारी गच्चीवर ‘राहणं’ असायचं. सर कॉम्प्युटरवरच्या आराखड्याकडे बघत नसत. पडद्यावरच्या पलंगाला लांबी नसते, असं त्यांचं म्हणणं. नवीन घर सुचलं की ते दुकानावरच्या गच्चीत चुन्याच्या फक्कीने अख्खं घर खऱ्या मापात आखायचे. मग शारदाबेन यायच्या. या ऑफिसात चहा-सफाई करायच्या, मूळच्या करजणच्या, आणि नवरा, सासू, दोन मुली असे पाच जण एका खोलीत राहायचे. हे पाचही जण रविवारी सकाळी त्या पांढऱ्या रेघांत येऊन दोन तास राहायचे. सासू खाटेच्या जागी चटई टाकून पडायची. मुली अभ्यासाला बसायच्या. शारदाबेन हवेत पोळ्या लाटायच्या. नवरा रिफायनरीत कंत्राटी कामाला, माझ्याहून उंच आणि लाजाळू. तो पलंगाच्या रेघांत आडवा पडून आकाशाकडे बघत राहायचा. सरांचा सहा फूट तीन इंचांचा पलंग म्हणजे त्याचा पलंग.

सुरुवातीला मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. दोन-तीन रविवारांनंतर वाटेनासा झाला. शारदाबेन एकदा रेघेशी थबकल्या आणि म्हणाल्या, "साहेब, घर तो सारुं छे, पण हुं कपडां क्यां बदलुं?" खरंच, कपडे बदलायला जागाच नव्हती; मोरीचं दार उघडलं की ते थेट आल्या-गेल्यांच्या बसण्यासमोर होतं. सरांनी तिथल्या तिथे पायाने भिंत पुसली आणि दुसरीकडे आखली. जगातल्या कुठल्याही परीक्षक मंडळाने सरांची एवढी चांगली परीक्षा घेतली नसेल, आणि ते मंडळ जाताना चार कप चहाही करून जायचं.

मग ती स्पर्धा आली. या वेळी ती बडोद्याचीच होती. शहराच्या कडेचा एक खरा प्लॉट होता, आणि जिंकेल त्याची घरं खरोखर बांधली जाणार होती. सर त्या दिवसापासून बदलले. दाढी रोज करायला लागले. चार महिने, सोळा रविवार, शारदाबेनचं कुटुंब गच्चीवर नांदलं. शेवटी घर जमलं. झोपायची खोली नऊ फुटांची. त्यात सहा फूट तीन इंचांचा पलंग, उरले दोन फूट नऊ इंच, आणि दार अडीच फुटांचं. दार पलंगाला न घासता उघडायचं, मध्ये तीन इंच उरायचे. त्या तीन इंचांवर सर इतके खूष होते की काकूंना गच्चीवर बोलावून त्यांनी ते हाताने दाखवले. काकू म्हणाल्या, "आता या वयात सोनं मागत नाही मी तुमच्याकडे, तीन इंच पुरेत."

प्रवेशिका पाठवायच्या आठवड्यात सरांना ताप आला. सगळं माझ्यावर पडलं. शेवटच्या दिवशी दुपारी मी बोर्ड पडद्यावर लावून बघितला. खोली कोंडलेली दिसत होती. पलंगाने ती भरून गेली होती. मला त्या क्षणी पक्कं कळलं की आपण पुन्हा हरणार, पार्टिशनला पाचवा बोर्ड लागणार, आणि माझं नाव आयुष्यभर पापडांखाली राहणार. सगळेच करतात, मी स्वतःशी म्हणालो. भिंतीला तर मी हात लावत नाही. कॉम्प्युटरमध्ये पलंग एकदा बदलला की सगळीकडे बदलतो. मी एक आकडा टाकला आणि मजल्यावरच्या सोळा घरांतले सगळे गरीब एका झटक्यात पाच फूट चार इंचांच्या पलंगावर निजले. खोली सुंदर दिसायला लागली. मी कोपऱ्यात एक कुत्राही टाकला, लहानसा.

आम्ही अंतिम तिघांत आलो.

सरांनी पत्र तीनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. शारदाबेननी ऑफिसात सगळ्यांना पेढा दिला, भांड्याच्या दुकानालाही. मी सांगायला हवं होतं. रोज सकाळी वाटायचं आज सांगू, आणि रोज सर नव्या इस्त्रीचा शर्ट घालून आलेले असायचे. मी गप्प राहिलो. लाज वाटत होती असंही नाही. खरं सांगायचं तर जिंकण्याची आशा वाटत होती.

सादरीकरणाला बोर्ड आयोजकांनीच लावले होते. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष म्हणजे तेच, वेलींचे मोठे आर्किटेक्ट, ज्यांना सरांनी पाच फुटांचा नवरा सुचवला होता. त्यांनी सरांना ओळखलं, पण माणूस सुसंस्कृत, काही दाखवलं नाही. सर बोलले पाच मिनिटं. कोण कुठे झोपतं ते सांगितलं. मंडळी माना डोलवत होती. तीस वर्षांत कोणी मान डोलवलेली मी ऐकली नव्हती.

मग अध्यक्ष म्हणाले की प्रवेशिका उत्तम आहे, मंडळाचं जवळजवळ एकमत आहे. फक्त एक छोटी सूचना. झोपायच्या खोलीत पलंगाभोवती जागा जरा उदार आहे. खोली नऊऐवजी आठ फुटांची केली तर प्रत्येक मजल्यावर एक घर जास्त बसेल. एवढं मान्य असेल तर आज निकाल सांगायला हरकत नाही.

सर गोंधळले. जागा जास्त आहे, असं त्यांना आयुष्यात कोणी म्हणालं नव्हतं. ते बोर्डाजवळ गेले. खिशातून पट्टी काढली. मला वाटलं आपण उठून बाहेर जावं.

त्यांनी पट्टी पलंगावर लावली. मग दुसऱ्या घरातल्या पलंगावर लावली. मग तिसऱ्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एकदाही नाही.

नुसतं "मान्य" म्हणायचं होतं. घरं बांधली गेली असती. आठ फुटांत सव्वासहा फुटांचा पलंग टाकला की उरतात एक फूट नऊ इंच आणि दार अडीच फुटांचं, ते उघडलंच नसतं; पण ते कळलं असतं राहायला आल्यावर, आणि तोपर्यंत सरांच्या भिंतीवर पहिलं पारितोषिक लागलेलं असतं. समोर बसलेल्यांपैकी कोणाकडेही पट्टी नव्हती.

"पलंग चुकलाय," सर म्हणाले. "पाच चारचा पडलाय. खरा सहा तीनचा आहे. खोली नऊच लागेल. चूक माझी."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि अगदी हळू, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "म्हणजे नवरा पाच फुटांच्या आतलाच बघावा लागला तर तुम्हालाही."

सगळे हसले. सरही हसले. मोजपट्टी त्यांनी खिशात ठेवली, ती दोनदा खिशाबाहेरच घसरली, तिसऱ्यांदा बसली.

पहिलं पारितोषिक वेलींना मिळालं. दुसऱ्या कोणाच्या तरी वेलींना. त्या प्लॉटवर आजही संध्याकाळच्या आकाशाचं चित्र असलेला फलक उभा आहे आणि त्याच्या सावलीत म्हशी बसतात. त्यांना जागा पुरते.

परतताना मी स्कूटर चालवत होतो आणि सर मागे बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं की समोर सिग्नल यायचा. ऑफिसच्या दाराशी उतरून ते एवढंच म्हणाले, "उद्या रविवार आहे ने? ये."

मी आलो. शारदाबेनचं कुटुंब आधीच आलेलं होतं आणि कठड्याशी ओळीने उभं होतं. निकाल त्यांना कळला असावा. गच्चीवर घर आखलेलं नव्हतं. मोकळ्या गच्चीच्या मधोमध फक्त एक पलंग आखलेला होता. सरांनी टेप लावून मला माप दाखवलं. पाच फूट चार इंच.

"झोप," ते म्हणाले.

मी बूट काढले आणि झोपलो. पाय बाहेर गेले. सर माझ्या पावलांपाशी येऊन उभे राहिले.

"पाय आत घे."

मी गुडघे दुमडले, कुशीवर झालो, मान खाली घेतली. कसाबसा रेघांच्या आत आलो. शारदाबेनच्या नवऱ्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. तो माझ्याहून उंच होता, त्याला मोजायची गरज नव्हती. मला रडू येत होतं आणि चुना नाकात जात होता.

सर कठड्याशी खुर्चीवर जाऊन बसले. शारदाबेननी त्यांना चहा दिला. बराच वेळ झाला, ऊन चढलं, माझ्या गुडघ्यांना कळ लागली. शेवटी मी पडल्या पडल्या विचारलं, "सर, किती वेळ?"

ते चहा संपवत होते. रागावलेले अजिबात दिसत नव्हते.

"परवडेल तेवढा वेळ," ते म्हणाले.